आशाचं पांढरं कार्ड

मिलिंद, तू मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेलास. आज सात आठवडे झाले. कारण कावीळ, शेवटच्या आठवड्यात यकृताने काम थांबवलं. लॅबमध्ये रक्त तोंडाने ओढायची काचेची नळी असते, तिच्यातून लागण झाली असावी, असं वॉर्डातले डॉक्टर म्हणाले. ‘असावी’ हा शब्द त्यांचा. त्याची खात्री कुणी केलेली नाही, म्हणून मीही तो बदलत नाही.

तुझ्या निधनाच्या चार ओळी आमच्या पेपरच्या बुधवारच्या अंकात आल्या. वय, हुद्दा, मागे आई आणि विवाहित बहीण. त्या मी लिहिल्या नाहीत, डेस्कवरच्या दुसऱ्याने लिहिल्या. त्यात चूक नव्हती.

तुझा भाऊ गौतम गेला तेव्हा आपण आठवीत होतो, बोरीवलीच्या शाळेत एका बाकावर. तो नऊ वर्षांचा होता. दहिसरला नदीकडच्या चाळीत, तुमच्या खोलीत, तो भिंतीला पाठ लावून बसायचा आणि गुडघे दुखले की ओठ चावायचा. तुझी आई तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीने शेकायची. कुणी संधिवात म्हणालं, कुणी रक्त कमी आहे म्हणालं. पुढे लॅब टेक्निशियनचा कोर्स करताना तुला काचपट्टीवर गोल पेशींच्या मधे विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. त्या संध्याकाळी तू आमच्या घरी आलास. माझ्या आईने चहा पुढे केला, तो तसाच राहिला. "गौतमला काय होतं ते आज बघितलं," एवढंच म्हणालास.

सिकलसेल हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रक्तातला दोष आई आणि बाप दोघांकडून आला तर मूल आजारी. एकाकडूनच आला तर मूल नुसतं वाहक. त्याला काही होत नाही. "म्हणजे ते तुझ्यामाझ्यासारखं जगतं," मी समजून घेत म्हणालो. "माझ्यासारखं," तू दुरुस्त केलंस. "मी वाहक आहे. स्वतःचं बोट टोचून बघितलं."

त्यानंतर तू जे केलंस त्याला शोध म्हणायचं की जुगाड, यावर आपलं एकमत झालं नाही. इस्पितळातलं या तपासणीचं यंत्र जागचं हलणारं नव्हतं आणि तिथे येणारे लोक आजारी पडल्यावर यायचे. तुला रविवारी पिशवीत घालून विहारात नेता येईल असं यंत्र हवं होतं. ते तू बोरीवली स्टेशनसमोरच्या, दारावरच्या नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून करून घेतलंस. ॲक्रिलिकची पेटी, दोन कप्पे, मधे आडवी पट्टी ठेवायला कठडा. त्याने विचारलं, "डॉक्टर, हिच्यावर नाव काय कोरू?"

"नाव नको. पाणी गळलं नाही पाहिजे."

पहिली पेटी गळली. दुसरी गळली. तिसरी देताना तो म्हणाला, "आता गळली तर ते पाणी मीच पितो." ती गळली नाही.

विजेसाठी तू टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या वापरल्यास. पट्टीच्या एका टोकाला रक्ताचा थेंब, दोन्ही टोकांना पाणी, पाण्यातून वीज. तासाभरात निरोगी रक्ताची रेघ पुढे पळते, दोषाची मागे राहते. पुढची एकच रेघ दिसली तर माणूस निरोगी. मागची एकच दिसली तर आजारी. दोन्ही दिसल्या तर वाहक. मी हे तीनदा विचारून लिहून घेतलं होतं. तिसऱ्या वेळी तू म्हणालास, "अरे, दोन रेघा म्हणजे काही नाही. हे ठळक अक्षरात लिही."

दर रविवारी दहिसरच्या विहारात, वंदना झाल्यावर, तू सतरंजीच्या कडेला टेबल मांडायचास. निकालाला कार्ड. निरोगी पांढरं, वाहक अर्धं पिवळं, आजारी पूर्ण पिवळं. लग्न ठरवताना दोन पिवळी कार्डं, अर्धी किंवा पूर्ण, एकमेकांसमोर आली तरच थांबायचं. पट्ट्या मोजक्या मिळायच्या, त्यामुळे जोडप्यात आधी एकाचं रक्त घ्यायचं असा तुझा नियम होता. ते पांढरं निघालं की दुसऱ्याचं घ्यायचं नाही, कारण मग मूल आजारी निघण्याचा प्रश्नच उरत नाही. नियम बरोबर होता.

पहिल्याच महिन्यात एका म्हातारीने कार्ड उलटसुलट करून बघितलं. "आमच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तवा कुंडली बघणं सोडलं. आता तू रक्ताची कुंडली आणली का रे पोरा?"

"मावशी, कुंडली लग्न मोडते. हे कार्ड मोडत नाही. दोन पिवळी समोर आली तरच बोलतं."

"कार्ड कुठं बोलतं? लोक बोलत्यात."

तू हसलास. मीही हसलो आणि ते वाक्य वहीत घेतलं.

बातमी मी लिहिली. लिहिण्याआधी आपण विहाराच्या पायरीवर बसून भांडलो. तू म्हणालास, आजार लिही, समाज लिहू नकोस. विदर्भात हा आजार आदिवासींत आहे, इतर जातींत आहे, आमच्यात आहे. मलेरियाचा मुलूख आहे तिथे आहे. तुझ्या वाचकाला एकच नाव लक्षात राहील. मी म्हणालो, तपासणी कुणाची झाली ते लिहिलं नाही तर बातमी अपुरी राहते.

"विहारात बसून मोजलंस तर विहारातलेच सापडणार ना रे. स्टेशनवर बसून मोज."

"स्टेशनवर तुझी पेटी नाही. जिथे आहे तिथलं लिहिणार."

"मग लिही. पण उद्या कुणी माझ्या आईला विचारलं तर तिला काय सांगू, माझ्या मित्राने अचूक लिहिलंय म्हणून?"

मी समाजाचं नाव लिहिलं. उपसंपादकाने ते मथळ्यात घेतलं. बातमीतलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं, आजही मला त्यात चूक काढता येत नाही. तू दुसऱ्या दिवशी तांबड्या पेन्सिलीने एकच दुरुस्ती करून अंक पाठवलास: मी रक्ताच्या थेंबाचं माप चुकीचं दिलं होतं. समाजाच्या नावाखाली तू काहीच खूण केली नव्हतीस.

त्यानंतर चार महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. त्या चार महिन्यांत आशाची दोन स्थळं मोडली. तुझी बहीण बालवाडीत शिकवायची आणि तिचं कार्ड अर्धं पिवळं होतं, हे तिला, तुला, आईला आणि मला माहीत होतं. पहिल्या स्थळाने चहाच्या वेळीच कार्ड मागितलं. तू त्यांना मुलाचं रक्त द्यायला सांगितलंस. मुलगा निरोगी असेल तर काहीच अडत नाही, हे समजावलंस. त्यांनी रक्त दिलं नाही. दुसऱ्या स्थळाने नकाराच्या पत्राला एक कात्रण टाचणीने लावून पाठवलं. ते माझ्या बातमीचं होतं. हे मला आशाने सांगितलं, तू नाही.

मग एका रविवारी तूच घरी आलास. परदेशी मासिकातल्या एका लेखाची झेरॉक्स आणली होतीस, कडेने तुझ्या बारीक अक्षरातली टिपणं. भांडणाचा विषय तू काढला नाहीस, मीही काढला नाही. "हे बघ यार, झकास आहे," म्हणून तू जमिनीवर मांडी घातलीस आणि मला समजेल अशा भाषेत सांगितलंस. पानभर मजकूर बरोबर, कंपोझिटरने एका शब्दात अक्षराचा एकच खिळा चुकीचा लावला, तसा हा दोष. आता एक अशी कात्री सापडली आहे जी तो नेमका शब्द ओळखून तिथे कापते. शब्द बरोबर असेल तर कापते, तुकडा आखूड होतो. चुकीचा असेल तर तिला ओळखता येत नाही, तुकडा लांब राहतो. आखूड तुकडा पुढे पळतो, लांब मागे राहतो, क्ष-किरणांच्या फिल्मवर रेघा उमटतात.

"म्हणजे तुझ्या पेटीसारखंच," मी म्हणालो.

"माझ्या पेटीला रक्त लागतं, आणि जन्माआधी ती काही सांगू शकत नाही. हे पोटातल्या बाळाचं सांगतं. बाळाला जोडलेल्या वारेचा इवलासा तुकडा पुरतो."

त्या दिवशी तू मला माफ केलंस की मुद्दा सोडून दिलास, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. माझं सगळं विज्ञान तुझ्याकडून आलेलं आहे, आणि त्याची फेड म्हणून मी तुला काय दिलं याची नोंद वर केली आहे.

गेल्या डिसेंबरात आशाचं लग्न झालं. राजेंद्र आरे कॉलनीत दुधाच्या कारखान्यात आहे, राहायला तिथल्याच क्वार्टरमध्ये. मी लग्नाला होतो. जेवताना तुला विचारलं, "कार्डाचं काय केलंस?" तू वाढप्याला हाक मारून माझ्या पानात आणखी एक जिलेबी टाकायला सांगितलंस. प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. तो दुसऱ्यांदा मी विचारला नाही.

तू गेलास त्याच्या आधीच्या गुरुवारी दुपारी मी वॉर्डात होतो. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते, पण बोलणं स्वच्छ होतं. आई खाली औषधं आणायला गेली होती. तू म्हणालास, "आशाला दिवस गेलेत."

"चांगलं आहे की."

"तिचं कार्ड खोटं आहे. तिच्या सासरी मी पांढरं दिलंय."

मी खुर्ची पुढे ओढली.

"आणि राजेंद्रचं रक्त?"

"घेतलं नाही. एक पांढरं असलं की दुसरं घ्यायचं नाही. माझाच नियम. त्याच्या आईने स्वतःहून सांगितलं, तुमचं पांढरं आहे ना, मग आमच्या पोराला कशाला टोचता. मी काय बोलणार?"

"नंतर तरी घ्यायचंस."

"कारण शोधत होतो रे. अमुक कॅम्प, तमुक कॅम्प. सुई म्हटलं की तो हसून पळतो. मग मीच आडवा झालो." तू पुढे म्हणालास, "तो वाहक असेल तर चारात एक. तू सांग तिला."

"तू सांग. तू तिचा भाऊ आहेस."

"तू छापलंस. तू सांग."

"मी छापलं ते खरं होतं, मिल्या. खोटं तू लिहिलंस."

हे मी म्हणालो. आजारी माणसाशी असं बोलू नये हे मला माहीत होतं. तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "उद्या ये. उद्या भांडू." शुक्रवारी अंकाची गडबड होती. शनिवारी आलो तेव्हा तू कुणाला ओळखत नव्हतास.

तुझ्यानंतरच्या शनिवारी मी आरे कॉलनीत गेलो. आशा एकटी होती, तांदूळ निवडत होती. मी जे ऐकलं ते क्रमाने सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"दादाने केलं?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"त्या गुरुवारी."

तिने बोटांवर मोजलं. "नऊ दिवस झाले. बातमी तर दुसऱ्या दिवशी छापतोस ना, प्रकाशदादा?"

 ती म्हणाली, "मला वाटायचं, दादाने त्यांना समजावलं असेल. मी अर्धी पिवळी आहे हे यांना माहीत आहे, असंच धरून चालले होते. मी त्यांना विचारलं नाही, कारण विचारलं तर ते मनात धरून ठेवतील." मग तांदूळ निवडत राहिली.

राजेंद्र पाळी संपवून आला. तिने त्याला माझ्यासमोरच सांगितलं, दोन वाक्यांत. तो बूट न काढता दारातच उभा राहिला. "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून मला…" एवढं बोलून थांबला. मग विचारलं, "बाळाला काय होईल?" मी सांगितलं, तुम्हीही वाहक निघालात तर चारात एक आजारी. तो म्हणाला, "घ्या मग बोट. आत्ता घ्या."

मला घेता येत नव्हतं. सोमवारी तुझ्या जागेवर आता जो बसतो त्या मुलाने घेतलं, तुझ्याच पेटीवर. राजेंद्र पूर्ण वेळ पट्टीकडे बघत बसला. दोन रेघा आल्या. तो मुलगा सारखा म्हणत होता, पुन्हा लावून बघू. पुन्हा लावली. दोन.

त्याच संध्याकाळी मी तुझ्या आईकडे गेलो. तिला हे दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. मी तुझं नाव घेतलं तसं तिने मला अडवलं. "त्याले काही बोलू नको, प्रकाश. मीच म्हटलं होतं. पोरीचं एकदा होऊ दे, कागद पांढरा दे, मंग सांगशील. तो नाही म्हणे. दोन दिवस जेवला नाही. मंग केलं त्यानं."

"त्याने मला तुमचं नाव सांगितलं नाही."

"नाही सांगणार. आईचं नाव कोन सांगते?"

वॉर्डात मी तुला जे म्हणालो ते मला आता परत घेता येत नाही. ते कुठे छापून आलेलं नाही, त्यामुळे त्याची दुरुस्तीही छापता येत नाही.

शहरातल्या एका संशोधन संस्थेत, जिथे तू सांगितलेली फिल्मवरची तपासणी होते, आशा, राजेंद्र आणि मी गेलो. तिथल्या संशोधक बाईंनी तुझं नाव ऐकून चष्मा काढला. "मिलिंद? दर शनिवारी सुट्टी टाकून यायचा. भांडी विसळायचा, बघायचा, विचारायचा. गेल्या महिन्यापासून आला नाही म्हणून वाटलं, कंटाळला." तू शनिवारी तिथे जात होतास, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी विचारलं, कुणासाठी शिकतोय ते त्याने कधी सांगितलं होतं का. आशाने मान हलवून नाही सांगितलं. शनिवारचं जाणं तिच्या लग्नानंतर सुरू झालं की आधीपासून होतं, ते बाईंना आठवत नव्हतं. मी तारीख शोधली. हजेरीचं पुस्तक पाहुण्यांसाठी नसतं.

बाईंनी सगळं सरळ सांगितलं. वारेचा तुकडा काढावा लागेल. काढताना गर्भ पडण्याचा धोका असतो. मागची एकच रेघ आली तर बाळ आजारी. पुढची एकच आली किंवा दोन्ही आल्या तर आजार नाही. निकालाला तीन आठवडे, कारण फिल्मवर रेघ उमटायला वेळ लागतो.

"आणि तुकडा नाही काढला तर?" आशाने विचारलं.

"तर जन्मल्यावर कळेल."

राजेंद्र म्हणाला, "आजारी निघालं तर पुढे काय, ते आधी घरी बसून बोलू."

"ते मी ठरवीन," आशा म्हणाली. "तुम्ही या बोलण्यात नवीन आहात. दादाने ठरवलं, आईने ठरवलं, प्रकाशदादाने ठरवलं. आता पुरे." मग बाईंकडे वळून म्हणाली, "मॅडम, कधी यायचं?"

तुकडा तू गेल्यानंतर तीन आठवड्यांनी काढला. दोन दिवस तिला आडवं राहायला सांगितलं होतं. तुझी आई आरे कॉलनीत राहायला गेली. राजेंद्रच्या आईने तिला पहिल्या दिवशी पाणी विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी दोघी मिळून भाजी निवडत होत्या, बोलत नव्हत्या. गर्भ राहिला.

मधल्या तीन आठवड्यांत मी एकदा विहारात गेलो. टेबल मांडलेलं होतं. तो मुलगा आता जोडप्यात दोघांचंही रक्त घेतो; नियम बदलायला त्याला मी सांगितलं नव्हतं, राजेंद्रने सांगितलं. पट्ट्या कमी पडतात, त्यामुळे रांगेतल्या निम्म्या लोकांना पुढच्या रविवारी बोलवावं लागतं. ती रक्ताच्या कुंडलीवाली म्हातारी रांगेत होती. तिने मला ओळखलं आणि विचारलं, "तुमचा दोस्त कुठाय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "चांगला होता. ऐकून घ्यायचा." मला तुझ्याविषयी आतापर्यंत जे कुणी बोललं त्यात हे सर्वांत अचूक आहे.

समाजाचं नाव लिहावं की नाही, हा आपला वाद संपलेला नाही. मी आजही माझ्या बाजूने चार मुद्दे मांडू शकतो. तुझ्या बाजूचे मुद्दे मांडायला तू नाहीस, आणि ते मी मांडले तर तुला ते पटतील असे मांडता येतील की नाही, हे मला ठाऊक नाही. हा मजकूर लिहिताना तुमच्या समाजाचं नाव मी एकदाही लिहिलं नाही. ते आता लक्षात आलं.

गेल्या शुक्रवारी दुपारी चार वाजता बाईंनी आम्हाला आत बोलावलं. आशा, राजेंद्र, दोघांच्या आया आणि मी. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावलेली होती. तिच्यावर चार रकाने होते. पहिला एका आजारी रुग्णाचा, तुलनेसाठी. त्यात मागची एकच रेघ होती. दुसरा आशाचा, दोन रेघा. तिसरा राजेंद्रचा, दोन रेघा. चौथा बाळाचा. आशाने पुढे होऊन स्वतः बघितलं, बाईंना बोलू दिलं नाही. चौथ्या रकान्यात दोन रेघा होत्या.